फिट, धास्ती आणि दारू

नवऱ्याला फिट आली की घरात कांदा नाहीतर चप्पल शोधायची धावपळ होते. त्याचा काही उपयोग नाही. त्याला कुशीवर वळवा, तोंडात चमचा घालू नका, घड्याळ बघा. फिट ५ मिनिटांत थांबली नाही तर १०८ला फोन. कुणी मोकळं असेल तर मोबाइलवर व्हिडिओ काढा. ईईजी (मेंदूच्या लहरींची तपासणी) नॉर्मल आला तरी फिट नव्हतीच असं ठरत नाही. व्हिडिओवरून डॉक्टरांना बरंच कळतं.

आणि नवरा दारू पीत असेल तर त्याने शेवटची कधी घेतली, हेही डॉक्टरांना लाज न बाळगता सांगा. रोज भरपूर पिणाऱ्याच्या मेंदूला दारूची सवय झालेली असते. ती एकदम तुटली की साधारण ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. हात थरथरतात, घाम फुटतो, जिवाची घालमेल होते. म्हणून रागाच्या भरात बाटली मोरीत ओतणं किंवा शपथ घालणं धोक्याचं. दारू सोडवायचीच, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली. दारूखेरीज धास्तीसारख्या मानसिक कारणांनीही फिटसारखे झटके येतात. ती नाटकं नव्हेत.

दारूमुळे तो कामावर गेला नाही, तर त्याच्या ऑफिसात ‘ताप आलाय’ असं रोज सांगायची जबाबदारी मात्र बायकोची नाही. तिच्यासाठी अल-अनॉनचे, म्हणजे दारू पिणाऱ्यांच्या घरच्यांचे गट आहेत, टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर आहे.