घरचा संगणक आणि धूळ

एके काळी संगणकासाठी स्वतंत्र वातानुकूलित खोली राखीत आणि आत जाणाऱ्यास पादत्राणे दाराबाहेर काढावी लागत. आज संगणक बीड जिल्ह्यातील शिक्षकाच्या घरी, धान्याची पोती व मुलांची दप्तरे यांच्या शेजारी नांदत आहे. शाळेचे तक्ते, प्रश्नपत्रिका व विद्यार्थ्यांच्या नोंदी त्यावरच सिद्ध होतात. ऐन वेळी तो बंद पडल्यास खोळंबा घराचा होतो, तसाच शाळेचाही होतो. सबब, धूळ ह्या त्याच्या नित्याच्या शत्रूची ओळख प्रत्येक शिक्षकास असणे अगत्याचे आहे.

आपल्याकडील धूळ

गोदाकाठच्या काळ्या जमिनीत चिकणमातीचे प्रमाण मोठे असते. चिकणमातीचा सुटा कण मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाहूनही लहान असतो. उन्हाळ्यात ही जमीन भेगाळते आणि तिची पूड वाऱ्याबरोबर बंद खिडकीच्या फटींतूनही आत शिरते. कापसाच्या हंगामात तीत तंतूंची भर पडते. परळी वैजनाथच्या औष्णिक विद्युत केंद्राच्या परिसरात दगडी कोळशाची राख उडते, तर माळवदाच्या जुन्या घरांत छतातूनच माती गळते.

अपाय कसा होतो

धूळ संगणकाचे भाग लगेच कुरतडीत नाही. ती त्याचा श्वास कोंडते. संगणक चालू असता त्याचा प्रोसेसर तापतो. ती उष्णता धातूच्या पातळ पट्ट्यांत उतरते व पंख्याची हवा ती बाहेर नेते. पंखा हवेबरोबर धूळही ओढतो. कापसाचे तंतू जाळीवर अडकतात, त्यांवर माती बसते आणि काही महिन्यांत पट्ट्यांमध्ये नमद्यासारखा थर तयार होतो. मग पंखा फिरतो, परंतु हवा जात नाही.

आपल्या जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. पंखा खोलीतील हवेहून थंड हवा देऊ शकत नाही. यास्तव ह्या दिवसांत धुळीचा थोडा थरही जाचक ठरतो. प्रोसेसर १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचू लागला की तो बहुधा आपली गती आपणच कमी करतो. उष्णता त्याहून वाढल्यास यंत्र बंद पडते. सकाळी नीट चालणारा संगणक दुपारी मंदावत असेल व पंखा घरघरत असेल, तर प्रथम धुळीचाच संशय घ्यावा. यंत्र जुने झाले असे समजून पुष्कळदा ते उगाच मोडीत काढले जाते.

पावसाळ्यात दुसरा अपाय संभवतो. धूळ हवेतील ओलावा शोषून घेते. अशी ओलसर धूळ विद्युतमंडलावर राहिल्यास नको तेथे विजेला वाट मिळते व धातूस गंज चढतो.

प्रतिबंध

चालू संगणकावर खोळ कधीही घालू नये. धूळ रोखण्याच्या हेतूने घातलेली खोळ हवाही रोखते. काम संपल्यावर यंत्र निवू द्यावे व मगच झाकावे. ते जमिनीपासून दीड-दोन फूट उंच, भिंतीपासून वीतभर दूर असावे. चुलीजवळ ते ठेवू नये; धुराच्या चिकट काजळीवर धूळ घट्ट बसते. माळवदाच्या घरात वर कापडाचे छत ताणावे. संगणक चालू असता कोरड्या केरसुणीने झाडू नये. फरशी ओल्या फडक्याने पुसावी. कूलरची दमट हवा यंत्रावर थेट सोडू नये.

सफाई

वर्षातून दोनदा, मृगाच्या सरी येण्यापूर्वी आणि दिवाळीच्या आवराआवरीत, आतील सफाई करावी. प्रथम संगणक बंद करून वीजजोडणी काढावी व चालू करण्याची कळ दहा सेकंद दाबून ठेवावी. यंत्र अंगणात न्यावे, झाकण उघडावे आणि कोरड्या, मऊ कुंचल्याने धूळ हलकेच सोडवून हातातील ब्लोअरने उडवावी. त्या वेळी पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. वाऱ्याच्या जोराने ते वेगात फिरल्यास बेअरिंग बिघडते. तोंडाने फुंकर मारू नये, ओले फडके आत लावू नये. पंक्चरच्या दुकानातील कॉम्प्रेसरची हवाही वापरू नये. तीत पाणी व तेलाचे तुषार असतात. वीजपुरवठ्याची पेटी मात्र उघडू नये. जोडणी काढल्यानंतरही तिच्यातील कपॅसिटरमध्ये घातक विद्युतभार राहू शकतो. ती पेटी आणि लॅपटॉप जाणत्या कारागिराकडेच द्यावेत.

ह्या कामी पैशापेक्षा नियमितपणाच अधिक लागतो. संगणक झाकावा केव्हा आणि उघडा ठेवावा केव्हा, एवढा विवेक घरातील मुलांच्याही अंगवळणी पडला, तर धुळीच्या ह्या मुलखातही यंत्र दीर्घकाळ सेवा देईल आणि जूनमध्ये शाळा उघडताना शिक्षकाचे काम अडणार नाही.