जागा पाहावी पावसाळ्यात

घर बांधावयाचे मनात आले की आपण बहुधा चैत्रात जागा पाहू लागतो. मुलांच्या परीक्षा संपलेल्या असतात, वाटा कोरड्या असतात आणि अक्षय तृतीयेला विसार द्यावा असा बेत असतो. पण आपल्या दख्खनच्या पठारावर उन्हाळ्यात कोणतीही जागा चांगलीच दिसते. जागेचे दोष उघडे करते ते पाणी, आणि नेमके तेच त्या वेळी नसते. म्हणून आमचे सांगणे असे की, विसार वैशाखात द्यावयाचा असला तरी पाहणी आधीच्या आषाढ-श्रावणात झालेली असावी.

पाऊस पडत असता जागेवर उभे राहावे. पाणी कोठून येते, कोणीकडे जाते, उघडीप झाल्यावर किती वेळ साचून राहते, हे पाहावे. लव्हाळा माजलेला असेल तर तेथे ओल टिकते असे समजावे. उन्हाळ्यात ओढा हा नुसता खोलगट पट्टा असतो. त्यावर भराव घातला की त्याचाच भूखंड होतो. परंतु पाणी आपली वाट सोडीत नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबील ओढ्याला पूर आला व काठच्या वस्तीतील माणसांचे प्राण गेले.

नदीकाठी जागा घेताना पूररेषांचा नकाशा मागावा. निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर तांबडी १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. ‘पंचवीस वर्षांतून एकदा’ म्हणजे पुढची चोवीस वर्षे निर्धास्त, असे मात्र नव्हे. हिशेब केला तर तीस वर्षांत असा पूर एकदा तरी येण्याची शक्यता शंभरात सुमारे सत्तर भरते.

मग जमिनीचा पोत. काळी माती पाण्याने फुगते, उन्हाने आकसते, आणि तिच्यावर उथळ पायाने उभ्या केलेल्या भिंतींना तडे जातात. शेजारी विहीर असेल तर तीत डोकावून पाहावे : काळी माती किती हात आहे, मुरूम कोठे लागतो, हे तिच्या कडांवर दिसते. विहीर नसेल तर खड्डा खणावा. पाया जितका खोल न्यावा लागेल, तितका खर्च जागेच्या किमतीतच धरावा. स्वस्त म्हणून घेतलेली जागा पुष्कळदा येथेच महाग पडते.

कागदही असेच नीट पाहावेत. सातबाऱ्यावर मालकाचे नाव वाचून आपण थांबतो. पण कर्जाचा बोजा किंवा कुळाचा हक्क ‘इतर हक्क’ या रकान्यात असतो. हद्द कुंपणावरून न ठरवता सरकारी मोजणीवरून ठरवावी. जमीन बिनशेती झाली आहे काय व येण्याजाण्याचा रस्ता कागदावर आहे काय, हे वकिलाकडून तपासून घ्यावे.

कोणी म्हणेल, पावसाळ्यापर्यंत थांबलो तर जागा हातची जाईल. अशा वेळी निदान आसपासच्या चार घरी विचारावे आणि भिंतींवरील पाण्याच्या खुणा पाहाव्यात. विकणारा जे सांगणार नाही ते शेजारी सांगतो. घराचा आराखडा पुढे बदलता येतो, खोली वाढविता येते. खालची जमीन मात्र बदलून मिळत नाही. आयुष्याची पुंजी जेथे घालावयाची, त्या जागेसाठी एक पावसाळा थांबणे फारसे नाही.