सर्वेक्षणाला ‘हो’ म्हणताना

“डॉक्टर, सर्व्हेवाल्या बाई आल्या होत्या. बी.पी., साखर, सगळं सांगितलं. मग आधार नंबर मागितला आणि मोबाईलवर आलेला आकडा इचारला. तो काय मी दिला न्हाई. चुकलं का माझं?” जोतिबाच्या डोंगरावरील एका आजींचा हा प्रश्न.

आजींचे चुकले नाही. प्रश्नांची उत्तरे देणे ही एक संमती. ती उत्तरे आपल्या दवाखान्यातील नोंदींशी जोडू देणे ही दुसरी. पहिलीत दुसरी आपोआप येत नाही.

मग नोंदी जोडायच्या कशाला? पुष्कळ रुग्ण गोळीचा रंग सांगतात, आजाराचे नाव सांगत नाहीत. शिवाय सर्वेक्षण एका दिवसाचे असते, तर केसपेपर वर्षानुवर्षांचे. दोन्ही जुळले, तर रक्तदाबाकडे दुर्लक्ष केलेल्यांपैकी किती जणांना पुढे अर्धांगवायू झाला, हे कळते. म्हणून सरसकट नकार देणेही योग्य नव्हे. आजारी माणसेच वगळली गेली, तर निष्कर्ष फसवे निघतात.

मात्र धोकाही ओळखावा. क्षयरोग, एच.आय.व्ही., मानसिक आजार या खाजगी बाबी आहेत. नाव काढून टाकले, तरी लहान गावात वय, गल्ली आणि आजार यांवरून माणूस ओळखू येतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत रक्ततपासणीसाठी वेगळी संमती घेतली जात असे. नोंदी जोडण्यासाठीही तशीच वेगळी संमती हवी. सप्टेंबर 2021 पासून देशभर सुरू झालेला 14 अंकी ‘आभा’ क्रमांकही ऐच्छिक आहे. 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे तत्त्व हेच, की संमती स्वेच्छेने, समजून आणि ठराविक कामापुरती असावी व ती मागे घेता यावी.

तेव्हा वाचकहो, सही, अंगठा किंवा ओटीपी देण्यापूर्वी एवढे विचारा :

1) कोणत्या नोंदी, कशासाठी आणि किती काळ जोडणार?
2) त्या कोण पाहणार? नाव काढून टाकणार का?
3) ‘नाही’ म्हटले, तर उपचार किंवा सवलत थांबेल का?
4) पुढे विचार बदलला, तर कोणाला कळवायचे?

ओटीपीचा संदेश घरातील लिहित्या-वाचत्या माणसाकडून वाचून घ्या. आलेल्या ताईंचे ओळखपत्र पाहा. त्यात संकोच नको. उत्तरे पटली, तर जरूर ‘हो’ म्हणा. शंका असेल, तर आधी आशाताईंना किंवा आपल्या डॉक्टरांना विचारा. ओटीपी पुन्हा मागवता येतो.