निमालेल्या भट्ट्यांचे दप्तर

देवळे आणि राजवाडे मनुष्य जपतो, कारण ती त्याने आपल्या श्रद्धेसाठी आणि वैभवासाठी उभारलेली असतात. परंतु ज्या वास्तू त्याने निव्वळ गरजेपोटी बांधल्या, ज्यांच्या धुराने त्याचे गाव काळवंडले आणि ज्यांच्या भोंग्यावर त्याच्या पिढ्यान्‌पिढ्यांचा दिवस उगवला व मावळला, त्या कारखान्यांना, खाणींना आणि भट्ट्यांना काम संपताच भंगाराच्या भावाने विकून टाकताना त्याला फारसा संकोच वाटत नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोप-अमेरिकेतील अवजड उद्योगांवर जी अवकळा आली, तिच्यात अशा असंख्य वास्तू जमीनदोस्त झाल्या, आणि त्यांपैकी पुष्कळांचा आज उरलेला सर्वांत विश्वसनीय पुरावा म्हणजे मोजक्या छायाचित्रकारांनी अवजड, मंद आणि खर्चिक अशा लार्ज फॉरमॅट कॅमेऱ्याने घेतलेल्या निगेटिव्ह होत. त्या कॅमेऱ्याचा हा मंदपणाच त्या कार्याचे खरे बळ ठरला, असे मला वाटते, आणि पुढील आढाव्यात ते मत पडताळून पाहण्याचा माझा प्रयत्न आहे.

हा कॅमेरा म्हणजे मूलतः एक अंधारी पेटी: पुढे भिंग, मागे घासलेली काच, आणि दोहोंना जोडणारा घड्यांचा भाता. छायाचित्रकार डोक्यावर काळे कापड ओढून त्या काचेवर उमटलेली, खाली-वर आणि डावी-उजवी पालटलेली प्रतिमा न्याहाळतो, सूक्ष्मदर्शी भिंगाने तिचे चारही कोपरे तपासतो, आणि पूर्ण समाधान झाल्यावरच फिल्मचा एकेक ताव असलेली चपटी पेटी मागे सरकवतो. चार बाय पाच इंचांच्या तावाचे क्षेत्रफळ ३५ मिलिमीटर फिल्मवरील चौकटीच्या सुमारे १५ पट, तर आठ बाय दहा इंचांच्या तावाचे ५० पटींहून अधिक भरते. म्हणूनच लोखंडी तुळईवरचा प्रत्येक रिव्हेट, विटांच्या सांध्यांतला चुना आणि गंजलेल्या पाटीवरची पुसट अक्षरे त्यावर वाचता येण्याइतकी स्पष्ट उतरतात.

परंतु नुसत्या तपशिलापेक्षाही महत्त्वाचा गुण आहे तो भूमितीचा. साधा कॅमेरा उंच चिमणीकडे वर रोखला की तिच्या कडा माथ्याशी एकमेकींकडे झुकतात आणि वास्तू मागे कलंडल्यासारखी दिसते. या कॅमेऱ्यात मात्र फिल्मची पाठ इमारतीला समांतर ठेवून केवळ भिंगाची पाटी वर सरकवता येते, त्यामुळे उभ्या रेषा उभ्याच राहतात. भिंग किंचित तिरपे करून पायाजवळच्या रुळांपासून दूरच्या भट्टीपर्यंतची सारी जमीन एकदम स्पष्ट करता येते. त्यामागील नियम थिओडोर शाइम्पफ्लुग या ऑस्ट्रियन लष्करी अधिकाऱ्याच्या नावाने ओळखला जातो, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी हवाई छायाचित्रांतील विकृती दूर करण्याच्या खटपटीत त्याने तो मांडला होता. ओसाड यंत्रशाळेच्या आत प्रकाश बेताचाच असतो. तशात स्पष्टतेसाठी भिंगाचे छिद्र अगदी लहान करावे लागते, आणि मंद प्रकाशात फिल्मची संवेदनशीलता स्वतःच घटत असल्यामुळे मोजमापाने सांगितलेल्या वेळेपेक्षा भिंग अधिक काळ उघडे ठेवावे लागते. एका तावासाठी एवढी यातायात करणारा मनुष्य आधी इमारतीचा अभ्यास करतो आणि मगच तिचे छायाचित्र घेतो.

या अभ्यासाला ज्यांनी शास्त्राची शिस्त दिली ते बेर्न्ड आणि हिला बेखर हे जर्मन दांपत्य. बेर्न्डचा जन्म १९३१ मध्ये झीगन येथला. लोखंडाच्या खाणी आणि भट्ट्या यांच्याच परिसरात तो वाढला, आणि त्याच्या आप्तांपैकी अनेकांची उपजीविका त्यांवरच चाललेली होती. १९५७ च्या सुमारास तो आपल्या मुलखातल्या एका बंद पडलेल्या खाणीची रेखाचित्रे काढीत असता असे झाले, की त्याच्या पेन्सिलीपेक्षा पाडकाम करणाऱ्यांचे हात वेगाने चालू लागले. तेव्हा चित्र पुरे करण्यास आधार असावा म्हणून त्याने कॅमेरा हाती घेतला. हिला ही १९३४ मध्ये पॉट्सडॅम येथे जन्मलेली आणि तेथेच व्यावसायिक छायाचित्रणाची रीतसर उमेदवारी केलेली. ड्युसेलडॉर्फमध्ये दोघांची गाठ पडली, १९५९ पासून त्यांनी एकत्र काम आरंभिले, १९६१ मध्ये विवाह केला, आणि २००७ मध्ये बेर्न्डचा मृत्यू होईपर्यंत ही जोडी कामातही अभंग राहिली.

त्यांची पद्धती वरकरणी रुक्ष वाटावी इतकी काटेकोर होती. आकाश एकसारखे ढगाळ असावे, म्हणजे वस्तूवर कठोर सावल्या पडत नाहीत. कॅमेरा शिडीवर, मचाणावर किंवा शेजारच्या इमारतीवर चढवून वास्तूच्या साधारण निम्म्या उंचीशी न्यावा, म्हणजे ती खुजी वा अवाढव्य भासत नाही. वस्तू चौकटीच्या मध्यभागी असावी, आणि माणूस, मोटार, मेघांचे विलास यांपैकी काहीही दृष्टीला विचलित करण्यास तेथे नसावे. झोतभट्ट्या, पाण्याच्या टाक्या, वायूच्या टाक्या, शीतन मनोरे, चुन्याच्या भट्ट्या, धान्याची कोठारे, आणि खाणीच्या तोंडावर उभे असलेले, पाळणे वर-खाली ओढणारे चाकांचे मनोरे, असे एकेक वर्ग ठरवून त्यांनी जर्मनी, बेल्जियम, फ्रान्स, हॉलंड, ब्रिटन आणि अमेरिका हे देश फोक्सवॅगनच्या गाडीतून पालथे घातले. १९६६ मध्ये ब्रिटिश कौन्सिलच्या साहाय्याने त्यांनी इंग्लंड व वेल्समधील कोळशाच्या खोऱ्यांत कित्येक महिने काढले. त्यांनी टिपलेल्या वास्तूंपैकी पुष्कळ त्या वेळी अद्याप चालू होत्या. परंतु १९५८ पासून जर्मनीच्या रुहर खोऱ्यातील कोळशाच्या धंद्याला लागलेली घरघर त्यांनी ओळखली होती, आणि त्यांच्या कामातील तातडी त्या जाणिवेतून आलेली होती.

एकाच जातीच्या नऊ, बारा किंवा पंधरा वास्तूंची चित्रे ते शेजारी-शेजारी ओळींनी मांडीत. तसे मांडल्यावर जे दिसते ते एकेका चित्रात दिसत नाही: पाण्याच्या टाकीचे काम सर्वत्र एकच असूनही कोठे तिला घुमट लाभतो, कोठे शंकू, कोठे नुसत्या लोखंडी पायांवर ठेवलेला गोल, आणि ज्या अभियंत्यांची नावे कोणत्याच ग्रंथात आली नाहीत त्यांनी स्थळ, पैसा आणि उपलब्ध सामग्री यांच्या मर्यादेत राहून किती नानाविध रूपे निर्माण केली, याचा प्रत्यय तुलनेनेच येतो. १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पहिल्या ग्रंथाला त्यांनी ‘अनामिक शिल्पे’ अशा अर्थाचे नाव दिले, ते या दृष्टीने यथार्थ होय. झीगन परिसरातील कामगारांच्या लाकडी चौकटींच्या घरांची त्यांनी केलेली मालिका याहून बोलकी आहे. १७९० मध्ये तेथे असा हुकूम निघाला, की बांधकामात आवश्यक तेवढेच लाकूड वापरावे, कारण भट्ट्यांच्या कोळशासाठी ते हवे होते. परिणामी त्या घरांच्या दर्शनी भिंतींवर काळ्या-पांढऱ्या रेषांची जी सात्त्विक रचना उतरली, ती कोणा कलावंताची नसून एका सरकारी फर्मानाची देणगी आहे. १९९० मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात या छायाचित्रकार दांपत्याला सुवर्णसिंहाचे पारितोषिक मिळाले ते शिल्पकलेसाठी!

तथापि या दृष्टीचे सर्वांत मोठे फळ प्रदर्शनाच्या दालनाबाहेर मिळाले. डॉर्टमुंड शहरातील झोलर्न ही कोळशाची खाण १९६६ मध्ये बंद पडली, आणि ब्रूनो मोरिंग याने विसाव्या शतकाच्या प्रारंभी पोलाद व काच यांनी सजवलेली तिची यंत्रशाळा पाडण्याचे घाटू लागले. ती वाचवण्यासाठी जे पुढे सरसावले त्यांत बेखर दांपत्य होते, आणि १९६९ मध्ये त्या यंत्रशाळेला संरक्षण मिळाले. औद्योगिक वास्तूही राष्ट्राचा वारसा असू शकते ही कल्पना जर्मनीच्या शासनव्यवहारात रुजण्याचा आरंभ तेथून मानला जातो. पुढे फोल्क्लिंगनचा लोखंडाचा कारखाना १९९४ मध्ये आणि एसेनची झोलफेराइन खाण २००१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत दाखल झाली, त्यामागे अनेकांचे श्रम आहेत. परंतु ज्या डोळ्यांना कालपर्यंत तेथे केवळ भंगार दिसत होते त्यांना रूप दिसू लागले, याचे श्रेय छायाचित्रांना द्यावेच लागेल. ही दृष्टी पुढच्या पिढीकडेही गेली: बेर्न्डने १९७६ पासून ड्युसेलडॉर्फच्या कला-अकादमीत अध्यापन केले, आणि आंद्रेआस गुर्स्की, थॉमस श्ट्रूट, कांडिडा ह्योफर, थॉमस रूफ यांच्यासारखे शिष्य तेथून बाहेर पडले.

झोलर्नला संरक्षण मिळाले त्याच १९६९ साली अटलांटिकच्या पलीकडे अमेरिकेत हेच कार्य सरकारने अंगावर घेतले. तेथील राष्ट्रीय उद्यान खाते, लायब्ररी ऑफ काँग्रेस आणि स्थापत्य अभियंत्यांची संस्था यांनी मिळून अभियांत्रिकी वारशाच्या नोंदीचे एक स्वतंत्र दप्तर उघडले. जुन्या इमारतींसाठी असे दप्तर १९३३ पासून होतेच. आता पूल, गिरण्या, भट्ट्या, धरणे यांचीही मोजमापाची रेखाचित्रे, लिखित इतिहास आणि लार्ज फॉरमॅट छायाचित्रे जमा होऊ लागली. या दप्तरासाठी ठरवलेला टिकाऊपणाचा निकष ५०० वर्षांचा आहे. हा आकडा ऐकून प्रथम विस्मय वाटतो. परंतु काळ्या-पांढऱ्या फिल्मवरील चांदीची प्रतिमा नीट धुतली आणि थंड, कोरड्या जागी ठेवली तर शतके टिकू शकते, आणि ती वाचण्यास कोणतेही यंत्र लागत नाही, उजेडासमोर धरली की पुरे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या निवडीतील दूरदृष्टी पटते.

एकविसाव्या शतकात मात्र या विषयाला निराळे वळण लागले. इव्ह मार्शां आणि रोमें मेफ्र या दोन तरुण फ्रेंच छायाचित्रकारांनी लार्ज फॉरमॅट कॅमेऱ्याने डेट्रॉइट शहराचे भग्नावशेष रंगीत फिल्मवर टिपले आणि २०१० मध्ये ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले; अँड्र्यू मूर याचाही त्याच शहरावरचा ग्रंथ त्याच वर्षी निघाला. अल्बर्ट कान या वास्तुविशारदाच्या पॅकार्ड मोटार कारखान्याचे ओसाड मजले, ढासळलेली नाट्यगृहे, शेवाळलेल्या कचेऱ्या यांचे अपूर्व लावण्य त्या चित्रांत आहे, आणि तेच टीकेचे कारण झाले. ज्या शहरात माणसे अद्याप राहत होती, कर भरीत होती, मुले शाळेत पाठवीत होती, ते शहर मृत असल्यासारखे दाखवणे आणि त्याच्या दैन्यातून सौंदर्य वेचणे हा अन्याय होय, असा तो आक्षेप. मला तो दुर्लक्षणीय वाटत नाही. जो दर्शक केवळ हळहळतो त्याला कारखाना का बंद पडला, कोणाच्या निर्णयाने पडला, कामगार कोठे गेले, हे विचारण्याची गरज उरत नाही. तरीसुद्धा ही चित्रे तपशिलाने इतकी समृद्ध आहेत, की आज पाडून टाकलेल्या दालनांची रचना त्यांवरून ताडता येते. कॅमेऱ्याची शिस्त छायाचित्रकाराच्या हळवेपणालाही पुरून उरते.

बेखर दांपत्यावरचा आक्षेप याच्या उलट बाजूने येतो: त्यांच्या सहस्रावधी चित्रांत राबणारा माणूसच नाही. हे खरे आहे, आणि त्याचे समर्थन पद्धतीच्या नावाखाली पूर्णपणे होऊ शकत नाही. भट्टीसमोर ज्याने आयुष्य वेचले त्याची हकीकत भट्टीच्या आकारावरून कळत नाही. येथे मुंबईच्या गिरणगावाचे स्मरण अपरिहार्य आहे. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर तेथील गिरण्या एकामागून एक निमाल्या, आणि लोअर परळला फिनिक्स मिलच्या जागेवर बाजार झगमगू लागला. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणी कामगारांच्या तोंडून त्यांच्या वस्तीचा इतिहास नोंदवून २००४ मध्ये जो ग्रंथ सिद्ध केला, तो या विषयातील दुसरी आवश्यक बाजू दाखवतो. वास्तूची साक्ष भिंगाने घ्यावी, माणसाची साक्ष त्याच्या शब्दांत घ्यावी, आणि दोन्ही एकत्र ठेवाव्यात. एकीच्या अभावी दुसरी लंगडी पडते.

म्हणून या क्षेत्रात उतरू पाहणाऱ्या नव्या छायाचित्रकाराकडून माझी अपेक्षा साधी आहे. त्याने रीतसर परवानगी घ्यावी. प्रत्येक तावावर स्थळ, दिनांक, वास्तूचे नाव आणि तिचे पूर्वीचे काम नोंदवावे. एकच देखणा कोपरा न टिपता दर्शनी भाग, पाठ, आतील यंत्रे आणि भोवतालची वस्ती असा संपूर्ण संच करावा. आणि तो स्वतःच्या कपाटात न ठेवता एखाद्या सार्वजनिक संग्रहाच्या हवाली करावा, जेणेकरून इतिहासाचा अभ्यासक, शेजारच्या चाळीतला नातू आणि पाडकामाच्या हुकुमावर सही करणारा अधिकारी या तिघांनाही तो पाहता येईल. झोलर्नची यंत्रशाळा आज उभी आहे ती तिच्यासाठी कोणी शोक केला म्हणून नव्हे, तर कोणीतरी वेळेवर, नीट आणि सर्वांसमक्ष पुरावा मांडला म्हणून. आणि असा पुरावा निर्माण करण्याची योग्यता ज्या साधनात आजही आहे, ते साधन कितीही जड असले तरी वाहून नेण्याचे श्रम सार्थकी लागतात.