थंडीविरुद्ध शाकारणी

मृग नक्षत्र जवळ आले की आपल्याकडे जुन्या घरांतून शाकारणीची घाई सुरू होते. फुटलेली कौले बदलावयाची, सरकलेली पुन्हा नीट बसवावयाची, पश्चिमेकडील भिंतीस झडीपासून आडोसा म्हणून झावळ्यांचे झाप बांधावयाचे, ही कामे वैशाखात उरकली नाहीत तर पुढे चार महिने घरातील माणसांना पातेली घेऊन गळतीच्या मागे धावावे लागते. पत्र्यांची आणि स्लॅबची घरे झाल्यापासून 'शाकारणी' हा शब्दच कित्येक मुलांच्या कानांवरून गेलेला नसेल. तो मला येथे मुद्दाम हवा आहे. कारण अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पावसाऐवजी थंडीसाठी घर असेच शाकारावे लागते, आणि गोरगरिबांची घरे शाकारून देता देता तेथील तरुण विद्यार्थी एक संपूर्ण विद्या शिकतात. या कामास तिकडे 'वेदरायझेशन' म्हणतात. शब्द अवजड आहे. आपण शाकारणीच म्हणू.

मेन किंवा मिनेसोटा यांसारख्या उत्तरेकडील राज्यांत हिवाळ्यात पारा शून्याच्या खाली वीस अंशांपर्यंत आणि कधी त्याहूनही खाली उतरतो. तेथे घर तापविणे ही चैनीची गोष्ट नाही. ती जीव जगविण्याची बाब आहे. तळघरातील भट्टी तेलावर वा ज्वलनवायूवर महिनोन् महिने चालू ठेवावी लागते. श्रीमंताचे घर नवे, भरभक्कम भिंतींचे. त्याला इंधन थोडे पुरते. गरिबाचे घर जुने, फटींनी भरलेले. त्याला इंधन अधिक लागते आणि मिळकत मात्र थोडी. त्यामुळे उत्पन्नाच्या मानाने पाहिले तर इंधन व वीज यांवरील खर्चाचा भार गरीब कुटुंबावर इतरांच्या सुमारे तिप्पट पडतो. महिनाअखेर आली की औषध आणावे, धान्य आणावे, की भट्टीत तेल भरावे, असा प्रश्न कित्येक वृद्धांपुढे उभा राहतो.

या प्रश्नाकडे सरकारचे लक्ष गेले ते एका संकटामुळे. १९७३ सालच्या ऑक्टोबरात अरब राष्ट्रांनी अमेरिकेस तेल देणे बंद केले आणि काही महिन्यांत तेलाचा भाव जवळजवळ चौपट झाला. त्यानंतर १९७६ साली तेथील काँग्रेसने ऊर्जाबचतीचा जो कायदा केला, त्यात गरिबांच्या घरांच्या शाकारणीची तरतूद होती. तेव्हापासून आजवर सत्तर लाखांहून अधिक घरांचे काम या योजनेतून झाले आहे. प्रारंभीची वर्षे मात्र घाईगर्दीची होती. रोजगार-प्रशिक्षण योजनेतील शिकाऊ तरुण आणि स्वयंसेवक घरोघर जात, खिडक्यांवर प्लॅस्टिकचे कागद ताणून बसवीत, दारांच्या फटींत लांबी भरीत आणि पुढच्या घरी जात. हिवाळा संपला की प्लॅस्टिक फाटून जाई. खिडकीजवळ बसले की अंगाला वारा झोंबतो, म्हणून उष्णता खिडकीतूनच जात असली पाहिजे, असा हा साधा तर्क होता.

तो तर्क कोठे चुकला हे समजण्यासाठी पदार्थविज्ञानाच्या तासाची थोडी उजळणी केली पाहिजे. वहन, अभिसरण आणि प्रारण हे उष्णतेचे तीन मार्ग तुम्हास ठाऊक आहेत. स्थिर हवा ही उष्णतेची मंद वाहक होय. गोधडी ऊब देते ती कापडामुळे जितकी, तितकीच थरांमध्ये अडकून पडलेल्या हवेमुळे. भिंतीच्या पोकळीत अथवा माळ्यावर काचतंतू किंवा कागदाचा भुसा भरतात तो याच हेतूने, हवा जागच्या जागी रोखून धरण्यासाठी. परंतु गोधडीला भोके असतील आणि त्यांतून वारा वाहत असेल तर गोधडी जाड असूनही हुडहुडी भरणारच. तापलेली हवा हलकी होऊन वर चढते, माळ्याच्या फटींतून बाहेर पडते आणि तिच्या जागी तळघराच्या फटींतून थंड हवा आत ओढली जाते. सारे घरच जणू एक मोठे धुराडे होते. या धुराड्याचे तोंड खिडकीत नसते. ते वर, कोणी डोकावत नाही अशा अंधाऱ्या माळ्यावर असते.

ही गोष्ट पुराव्यानिशी दाखविण्याचे पुष्कळसे श्रेय प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांच्या एका मंडळीस आहे. न्यू जर्सी राज्यातील ट्विन रिव्हर्स या वसाहतीतील एकसारख्या घरांचा त्यांनी १९७० नंतरच्या दशकात बारकाईने अभ्यास केला. या मंडळीत गौतम दत्त या नावाचे एक संशोधक होते. माळ्यातून जाणारी उष्णता मोजली तर ती गणिताने काढलेल्या आकड्याच्या कित्येक पट भरू लागली. गणित चुकले नव्हते. गणिताने न धरलेल्या वाटा होत्या. दोन घरांमधील सामाईक भिंतीच्या विटा आतून पोकळ होत्या आणि धुराड्याच्या नळीभोवती मोकळी जागा सोडलेली होती. माळ्यावरील काचतंतूंच्या थराला वळसा घालून ऊबदार हवा या चोरवाटांनी सरळ वर जात होती.

चोरवाटा शोधण्याचे साधनही त्याच सुमारास प्रचारात आले. घराच्या मुख्य दारात कापडाचा ताणलेला पडदा आणि त्यात एक मोठा पंखा बसवितात. त्यास 'ब्लोअर डोअर' म्हणतात. दारे-खिडक्या बंद करून पंखा चालू केला की तो घरातील हवा बाहेर फेकतो आणि आतील दाब बाहेरच्यापेक्षा ५० पास्कलने कमी करतो. आता प्रत्येक फटीतून बाहेरची हवा आत घुसू लागते. पंख्याला दर मिनिटास किती हवा फेकावी लागते हे मापकावर दिसते, आणि तो आकडा म्हणजेच साऱ्या फटींची एकत्रित मोजणी. विद्यार्थी हातात धुराची बारीक नळी घेऊन खोल्यांतून फिरतात. धूर जेथे एकाएकी थरथरतो तेथे वाट आहे. माळ्यावर तर याहूनही सोपी खूण असते. जुना काचतंतू जेथे काळवंडलेला दिसतो, त्याच्या खाली भोक आहे असे समजावे. कारण वर्षानुवर्षे तेथून हवा गेली आणि तिच्यातील धूळ त्या तंतूंनी गाळून घेतली. ही खूण मला फार आवडते. तिला ना वीज लागते ना यंत्र, नुसते पाहता आले पाहिजे.

हे काम शिकणारे विद्यार्थी कोण? काही तंत्रशाळांतील व महाविद्यालयांतील असतात. काही मात्र शाळा अर्ध्यावर सोडलेली मुले असतात, आणि त्यांची हकिकत अधिक सांगण्यासारखी आहे. १९७८ साली न्यूयॉर्क शहरातील ईस्ट हार्लेम या गरीब वस्तीत डोरोथी स्टोनमन या शिक्षिकेने तेथील मुलांना विचारले की, साहाय्य मिळाले तर तुम्ही आपल्या वस्तीसाठी काय कराल? ओसाड पडलेल्या इमारती दुरुस्त करून बेघरांना राहावयास देऊ, असे मुलांचे उत्तर आले, आणि त्यांनी तशी एक इमारत दुरुस्त केलीही. त्यातून 'यूथबिल्ड' ही चळवळ उभी राहिली. १९९२ साली तिला कायद्याने केंद्र सरकारचे अर्थसाहाय्य मिळू लागले. सोळा ते चोवीस वर्षांची मुले-मुली काही काळ वर्गात बसून शालान्त शिक्षण पुरे करतात आणि उरलेला काळ अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी घरे बांधतात वा दुरुस्त करतात. तिच्या कित्येक केंद्रांत शाकारणीचे कामही शिकवितात.

यात शिकण्यासारखे आहे तरी काय, असे कोणी म्हणेल. माळ्यावर चढलेल्या विद्यार्थ्याला प्रथम चालावयास शिकावे लागते. पाय तुळईवरच पडला पाहिजे. दोन तुळयांमध्ये पडला तर खालच्या खोलीतील माणसास छतातून तो पाय दिसेल! मग कोणत्या भोकास कोणता उपाय, हा विवेक. पाण्याच्या नळाभोवतीची फट फेसाने बुजविली तरी चालते. धुराड्याभोवती तोच फेस पेट घेऊ शकतो, म्हणून तेथे पत्रा कापून बसवावा लागतो आणि उष्णता सोसणारे लुकण वापरावे लागते. भिंत भरावयाची झाल्यास बाहेरच्या फळ्या काढून भोके पाडतात आणि रबरी नळीने रद्दीचा भुसा दाबून भरतात. जुन्या वर्तमानपत्रांच्या या भुशात आग रोखण्यासाठी बोरॉनचे क्षार, म्हणजे आपल्या टाकणखाराच्या जातीचे पदार्थ, मिसळलेले असतात. दर घनमीटरास सुमारे ५६ किलोग्रॅम इतका तो दाटला पाहिजे. सैल राहिला तर काही वर्षांत खाली बसतो आणि भिंतीचा वरचा भाग पुन्हा उघडा पडतो. भरणे पुरे झाले हे कारागीर यंत्राच्या बदललेल्या आवाजावरून ओळखतो. हा कान पुस्तकाने येत नाही.

गणितही सुटत नाही. समजा, १०० चौरस मीटर छतावर असा थर घातला की दर चौरस मीटरातून एका अंशाच्या फरकास ०.२ वॅट उष्णता जाते. आत-बाहेर २० अंशांचा फरक असता एकूण ४०० वॅट जातील. आता माळ्यावर चढण्याची एक चौरस मीटरची झडप तेवढी उघडी राहिली आणि तिच्यातून एका अंशास ३ वॅट जाऊ लागले, तर एकूण ४५६ वॅट होतात. शंभरांत एक भाग विसरला आणि उष्णतेचा व्यय शेकड्यास चौदा वाढला. दहावीच्या विद्यार्थ्यांनी हे उदाहरण कागदावर करून पाहावे.

परंतु सर्वांत कठीण धडा थांबण्याचा आहे. घरातील भट्टीचा धूर धुराड्यातून वर जातो तो घरात पुरेशी हवा येत असते म्हणून. घर फार घट्ट बंद केले आणि स्वयंपाकघरातील व न्हाणीघरातील पंखे चालू असले, तर धुराड्यातील प्रवाह उलटा फिरून कार्बन मोनॉक्साइड खोल्यांत शिरू शकतो. या वायूस ना रंग, ना वास. झोपलेला माणूस पुन्हा उठत नाही. म्हणून कामाअखेर विद्यार्थी सारे पंखे मुद्दाम चालू करून, दारे लावून, सर्वांत वाईट परिस्थिती निर्माण करतात आणि धुराड्याची परीक्षा घेतात. आवश्यक तेथे हवा खेळविण्यासाठी निराळा पंखा बसवून देतात. १९७८ पूर्वीच्या घरांत शिशाचा रंग असू शकतो. तो खरवडताना धूळ उडू न देण्याचीही शिस्त आहे.

येथे एक शंका मला नेहमी येते. शिकाऊ हातांनी सराव करावयाचा आणि तोही गरिबाच्या घरावर, हे न्याय्य आहे काय? श्रीमंत आपले घर शिकाऊ मुलाच्या हाती देईल काय? या शंकेला सद्भावनेचे उत्तर पुरत नाही, मोजमापाचे पुरते. कामापूर्वीचा आणि नंतरचा आकडा लिहून ठेवलेला असतो, आणि सरकारी योजनेतील प्रत्येक घराची अखेरची तपासणी प्रमाणपत्रधारक तपासनिसाने करावी असा नियम आहे. आकडा उतरला नसेल तर पुन्हा माळ्यावर चढावे लागते. शिकाऊपणाची सवलत शिकणाऱ्यास वेळेत मिळावी, कामाच्या प्रतीत नव्हे, असे माझे मत आहे.

आणि मोजणी नेहमी सुखावणारीच निघते असेही नाही. मिशिगन राज्यातील सुमारे ३०,००० कुटुंबांविषयी २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, इंधनाचा वापर शेकडा दहा ते वीस घटला खरा, पण आधी वर्तविलेली बचत प्रत्यक्षाच्या तिपटीहून अधिक होती. दुसरी अडचण याहून दुःखद आहे. ज्या घराचे छप्परच गळते अथवा विजेच्या तारा धोकादायक आहेत, तेथे भुसा भरता येत नाही. म्हणून सर्वांत मोडकळीस आलेले घर, अर्थात सर्वांत गरीब माणूस, पुष्कळदा दारातून परत पाठविला जाई. अशा घरांची आधी डागडुजी करण्यासाठी २०२२ पासून निराळा निधी ठेवण्यात आला.

हे सारे वाचून कोणी आपल्या घराच्या फटी बुजवू लागेल, तर त्याने थांबावे. गोव्याच्या दमट हवेत घर घट्ट बंद केले तर भिंतींना बुरशी येईल. आपल्या कौलांच्या सांधींतून जाणारी हवा हे आपले वैभव आहे. आपल्या देशातील गरिबाचा शत्रू बहुधा उन्हाळा आहे. २०१० सालच्या उष्णतेच्या भीषण लाटेनंतर अहमदाबाद शहराने २०१३ मध्ये उष्णतेपासून बचावाची योजना आखली, आणि २०१७ पासून तेथील गरीब वस्त्यांतील छपरांस ऊन परतविणारा पांढरा रंग देण्यास आरंभ झाला. तेलंगण राज्याने २०२३ मध्ये अशा शीतल छपरांचे धोरणच जाहीर केले. ऊन परतविणे हा प्रारणाचा धडा आहे. अमेरिकेतील माळा मुख्यतः अभिसरणाचा.

प्रयोगशाळेत उष्णतामापके आहेत. चैत्रातील एखाद्या दुपारी एक पत्र्याखाली, एक कौलाखाली आणि एक चुना दिलेल्या पत्र्याखाली, जमिनीपासून सारख्याच उंचीवर टांगावे, आणि बारापासून चारपर्यंत दर अर्ध्या तासाने आकडे लिहावेत. ज्यांना हा प्रयोग करावयाचा असेल त्यांनी आपली नावे माझ्याकडे द्यावीत; चुना आणि शिडी यांची सोय करता येईल.