काळा पडदा आणि जुना लिनक्स संगणक : गैरसमज आणि वस्तुस्थिती

संगणक सुरू करण्याची कळ दाबल्यापासून कामाचा पडदा उमटेपर्यंत चित्राची सूत्रे चार हातांतून जातात. प्रथम मदरबोर्डवरील चिपमध्ये साठवलेली प्रारंभिक आज्ञावली, म्हणजे बायोस किंवा तिची उत्तराधिकारी यूईएफआय, निर्मात्याचे बोधचिन्ह दाखवते. मग ‘ग्रब’ हा आरंभक कोणती प्रणाली सुरू करायची याची यादी मांडतो. त्यानंतर लिनक्सचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो ग्राफिक्स चिपचा ताबा घेतो. आणि अखेरीस ‘एक्स’ किंवा ‘वेलँड’ ही खिडक्या मांडणारी व्यवस्था काम हाती घेते. जुन्या संगणकावरील बरेचसे दृश्यदोष एका हातातून दुसऱ्या हातात सूत्रे जाताना उद्भवतात. मात्र कोणत्याही सांध्यावर बिघाड झाला तरी वापरणाऱ्याला काळा किंवा विस्कटलेला पडदाच दिसत असल्यामुळे कारण एकीकडे आणि उपाय दुसरीकडे, असे वारंवार घडते.

गैरसमज १ : पडदा काळा झाला, म्हणजे मॉनिटर किंवा ग्राफिक्स कार्ड निकामी झाले.

वस्तुस्थिती : बोधचिन्ह आणि ग्रबची यादी स्वच्छ दिसत असेल आणि त्यानंतरच अंधार होत असेल, तर मॉनिटर व केबल बहुधा ठणठणीत असतात, संशय कर्नलने ताबा घेण्याच्या क्षणावर जातो. पडद्यावरील ठिपक्यांची संख्या आणि चित्र ताजे होण्याचा वेग ठरवण्याच्या क्रियेला ‘मोडसेटिंग’ म्हणतात. पूर्वी ही क्रिया एक्सकडे होती; २००९पासून, प्रथम इंटेलच्या चिपांसाठी आणि नंतर इतरांसाठी, ती कर्नलकडे आली. कर्नलमधील ड्रायव्हरने, म्हणजे चिपशी बोलणाऱ्या आज्ञावलीने, जुन्या चिपविषयी चुकीचा अंदाज बांधला, तर संगणक आत व्यवस्थित चालू असूनही पडद्यावर काहीच उमटत नाही. याउलट बोधचिन्हावरच रेघा किंवा डाग दिसत असतील, तर त्या वेळी लिनक्स सुरूच झालेले नसल्यामुळे दोष यंत्रभागात शोधावा लागतो.

गैरसमज २ : ‘नोमोडसेट’ हा काळ्या पडद्यावरचा कायमचा इलाज आहे.

वस्तुस्थिती : ग्रबच्या यादीत ‘ई’ हे रोमन अक्षर दाबून, ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ हा शब्द जोडला, की कर्नल मोडसेटिंग करत नाही आणि प्रारंभिक आज्ञावलीने आखून दिलेल्या साध्या चौकटीतच चित्र दाखवले जाते. ही दुरुस्ती त्या एका वेळेपुरतीच टिकते आणि तिचे खरे मोल निदानात आहे : तिच्यामुळे पडदा उजळला, तर दोष ड्रायव्हरच्या बाजूला आहे हे जवळजवळ निश्चित होते. तीच कायम ठेवल्यास मात्र चित्र रेखाटण्याचा सारा भार मुख्य प्रोसेसरवर पडतो, ठिपक्यांची संख्या बदलता येत नाही आणि दुसरा मॉनिटर जोडणे किंवा लॅपटॉपची प्रकाशतीव्रता कमीजास्त करणे अनेकदा अशक्य होते. त्यामुळे या मार्गाने आत शिरून योग्य ड्रायव्हर बसवणे आणि मग तो शब्द काढून टाकणे हाच उचित क्रम ठरतो.

गैरसमज ३ : १०२४ गुणिले ७६८ ठिपक्यांच्या पुढे पर्याय दिसत नाही, कारण कार्डाची क्षमताच तेवढी आहे.

वस्तुस्थिती : मॉनिटर आपली ओळख आणि क्षमता ‘एडिड’ नावाच्या नोंदीतून कळवतो. व्हेसा या मानक ठरवणाऱ्या संस्थेने १९९४ मध्ये निश्चित केलेली ही नोंद मुळात अवघ्या १२८ बाइटांची असून व्हीजीए केबलच्या १५ पिनांपैकी १२वी आणि १५वी पिन तिची वाहतूक करतात. स्वस्त केबलमध्ये या तारा नसल्या, पिन वाकली किंवा मध्ये जोडलेल्या स्विचने नोंद अडवली, तर कर्नलला मॉनिटरची माहितीच मिळत नाही आणि तो सावधगिरीने १०२४ गुणिले ७६८पर्यंतचेच पर्याय देतो. म्हणून पहिला उपाय केबल बदलून पाहण्याचा. तो निष्फळ ठरल्यास, एक्सवर चालणाऱ्या संगणकात ‘सीव्हीटी’ या आज्ञेने हव्या त्या मापाचे गणित करून घेऊन ‘एक्सरँडआर’ या आज्ञेने ते माप यादीत जोडता येते. वेलँडवर ही युक्ती चालत नसल्यामुळे तेथे कर्नलला सुरुवातीलाच ‘व्हिडिओ’ या सूचनेद्वारे माप सांगावे लागते. अनेक लॅपटॉपांच्या १३६६ गुणिले ७६८ या मापाची मात्र एक खोच आहे : १३६६ला ८ने नि:शेष भाग जात नसल्यामुळे ‘सीव्हीटी’चे गणित १३६८वर जाऊन थांबते आणि त्या दोन ठिपक्यांच्या फरकाने अक्षरे किंचित धूसर दिसू शकतात.

गैरसमज ४ : पडदा नीट दिसण्यासाठी ‘एक्सऑर्ग डॉट कॉन्फ’ ही फाइल हाताने लिहावीच लागते, आणि तिच्यातील आकडा चुकला तर मॉनिटर जळतो.

वस्तुस्थिती : दोन्ही समजुती एके काळी साधार होत्या. चित्रनळीच्या काही जुन्या मॉनिटरांना पेलवणार नाही असा वेग दिल्यास त्यांच्या मंडलांना खरोखरच इजा होऊ शकत असे, म्हणून त्या फाइलीत आडव्या आणि उभ्या वारंवारतेच्या मर्यादा काटेकोरपणे लिहिल्या जात. आजचा सपाट मॉनिटर न झेपणारा संकेत आला, तर तो मर्यादेबाहेर असल्याचा संदेश दाखवून थांबतो. एक्सही आता बहुतेक यंत्रभाग स्वतःच ओळखते आणि २०१०पासून आवश्यक तेवढ्याच सूचना छोट्या स्वतंत्र फाइलींत ठेवण्याची सोय तिच्यात आहे. किंबहुना, जुन्या प्रणालीवरून राहून गेलेली आणि आता अस्तित्वात नसलेल्या ड्रायव्हरचे नाव सांगणारी तीच फाइल काळ्या पडद्याचे कारण ठरते. अशा वेळी कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ या कळा एकत्र दाबून केवळ अक्षरांच्या पडद्यावर जावे, फाइलचे नाव बदलावे आणि एक्सच्या नोंदवहीत कंसातील दोन रोमन ‘ई’ अक्षरांनी खूण केलेल्या ओळी वाचाव्यात. त्रुटी त्याच ओळींत नोंदलेल्या असतात.

गैरसमज ५ : सर्वांत नवा ड्रायव्हर हाच सर्वांत चांगला.

वस्तुस्थिती : जुन्या चिपांच्या बाबतीत उलटही घडते. एनव्हिडियाच्या जीफोर्स ८ मालिकेसारख्या कार्डांना चालणारी कंपनीच्या ड्रायव्हरची ३४० ही शाखा २०१९च्या अखेरीस थांबली, त्यामुळे नव्या कर्नलवर ती मुळातून जुळत नाही आणि कर्नलमधील ‘नुवो’ या मुक्त ड्रायव्हरवर विसंबणे अधिक शहाणपणाचे ठरते. त्रिमिती चित्रणाची सामग्री असलेल्या ‘मेसा’ने २०२२ मध्ये काही अतिजुने ड्रायव्हर मुख्य शाखेतून काढून ‘अँबर’ या वेगळ्या शाखेत ठेवले. मोडसेटिंग कर्नलकडे असल्यामुळे या बदलाने पडदा काळा पडत नाही. फक्त त्रिमिती चित्रण प्रोसेसरकडे जाते आणि सारे काही संथ भासते.

गैरसमज ६ : पडद्यावर जे जे चुकीचे दिसते, ते सर्व ग्राफिक्सचे दोष असतात.

वस्तुस्थिती : मराठी मजकुराच्या जागी रिकामे चौकोन दिसणे हा देवनागरी फाँट नसल्याचा परिणाम असून ‘लोहित’ किंवा ‘नोटो’सारखा फाँट बसवल्यावर तो नाहीसा होतो. लॅपटॉपचा पडदा काळा वाटत असला, तरी त्यावर विजेरीचा झोत तिरका टाकल्यावर पुसट चित्र दिसत असेल, तर चित्र तयार होत आहे आणि केवळ पाठीमागचा प्रकाश गेला आहे असे समजावे. पडद्यावर पट्टे दिसत असतील, तर पडद्याचे छायाचित्र संगणकाकडूनच, म्हणजे स्क्रीनशॉट म्हणून, घेऊन ते दुसऱ्या संगणकावर पाहावे. तेथे पट्टे नसतील, तर दोष केबल, पॅनेल किंवा कार्डाच्या बाहेर जाणाऱ्या मार्गात आहे.

विजेरी, स्क्रीनशॉट, ग्रबमधील एक शब्द आणि बदलून पाहिलेली केबल या चारही परीक्षांना खर्च जवळजवळ नाही आणि त्यांतील एकीनेही साठवलेल्या माहितीला धक्का लागत नाही. संपूर्ण प्रणाली पुसून नव्याने बसवली, तरी तीच चिप, तीच केबल आणि बहुधा तोच ड्रायव्हर पुन्हा समोर येतात. म्हणून चित्र कोणत्या हातात असताना हरवले हे ठरण्यापूर्वी केलेली पुनर्स्थापना अनेकदा त्याच काळ्या पडद्यापाशी परत आणून सोडते.