पळीच्या दांड्यावरचे नाव

'चमचा' म्हटले की चळवळीतल्या माणसाला आधी राजकारण आठवते. मान्यवर कांशीरामजींनी १९८२ साली त्यावर 'चमचा युग' हे पुस्तकच लिहिले. आज मात्र ते चमचे बाजूला ठेवू आणि स्वयंपाकघरातल्या खऱ्या चमच्यांकडे वळू. त्यातही नक्षीच्या आणि मानाच्या चमच्यांकडे.

जगात असे चमचे पुष्कळ आहेत. प्राचीन इजिप्तमध्ये लेप-उटणे ठेवायला लाकडाचे चमचे करत. त्यांचा दांडा म्हणजे पोहणारी मुलगी आणि तिच्या हातात बदक. इंग्लंडच्या राजाला राज्याभिषेकाच्या वेळी तेल लावतात तो चांदीचा, सोन्याचा मुलामा दिलेला चमचा बाराव्या शतकातला आहे. १६४९ साली तिथल्या जनतेने राजेशाही मोडली, मुकुट वितळवले, पण हा चमचा सोळा शिलिंगांना विकला म्हणून वाचला. ६ मे २०२३ रोजी राजे चार्ल्स यांच्यासाठी तोच काढला होता.

त्या राजापेक्षा आम्हाला वेल्समधला शेतकऱ्याचा पोरगा जवळचा वाटतो. सोनेनाणे जवळ नाही, मग आवडत्या मुलीला द्यायचे काय? लाकडाचा एकच तुकडा घेऊन तो चाकूने त्यातून चमचा कोरी. दांड्यावर बदाम, चाक, आणि सांधा न देता त्याच लाकडातून सोडवलेली साखळी. असा १६६७ साल कोरलेला एक चमचा कार्डिफजवळच्या संग्रहालयात ठेवला आहे.

जपानमधील नारा येथे तोदाइजी हे मोठे बौद्ध विहार आहे. त्याच्या शोसोइन नावाच्या लाकडी कोठारात आठव्या शतकापासूनची चीजवस्त जपली गेली. तिच्यात काशासारख्या धातूचे शेकडो चमचे आहेत.

पण आमच्या मते या सगळ्यांहून मोलाची एक साधी तांब्याची पळी आहे. ती तक्षशिलेला सापडली. इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतली. तिच्यावर खरोष्ठी लिपीत आणि गांधारच्या प्राकृतात एक ओळ कोरली आहे. तिचा अर्थ असा की, तक्षशिलेच्या उत्तराराम विहारात, चारही दिशांच्या भिक्खू संघाला, काश्यपीय आचार्यांच्या स्वाधीन, ईश्परक याने ही पळी दान दिली. हा ईश्परक कोण, राजा की व्यापारी, याचा पळीवर पत्ता नाही. बिरुद नाही, पदवी नाही, नुसते नाव. त्याने विहार बांधला नाही, स्तूप उभारला नाही. वाढायची पळी दिली आणि तिच्यावर नाव घातले. आज जवळजवळ दोन हजार वर्षांनी ते नाव आपण वाचतो आहोत.

आपल्या सातारा जिल्ह्यातही अशी नावे आहेत. कराडजवळच्या आगाशिवच्या बौद्ध लेण्यांत गोपालाचा मुलगा संघमित्र याने लेणे दान दिल्याचा लेख आहे. दान लेण्याचे असो की पळीचे, लिहिण्याची तऱ्हा एकच.

आता आपल्या घरातली मांडणी पाहा. डाव, झारा, उलथने, वगराळे सगळे असते. दांड्यावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेले असते, 'मंगल परिणयाप्रीत्यर्थ सप्रेम भेट', खाली मामाचे नाव, गाव आणि तारीख. भांड्याच्या दुकानात नाव घालणारा कारागीर मशीन घेऊन बसतो. लग्नसराईत त्याला मान वर करायला फुरसत नसते. मामा शेजारी उभा राहून 'आडनाव नीट घाला हो' म्हणून दोनदा सांगतो.

पण शंभर वर्षांपूर्वीची पळी आपल्यापैकी किती घरांत निघेल? फार थोड्या. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी फुटक्या भांड्यांत जेवावे असे सांगितले आहे. हे पोथीतच राहिले नाही. गुजरातेत अहमदाबाद जिल्ह्यातल्या झानू गावी नोव्हेंबर १९३५ मध्ये अस्पृश्य बायका धातूच्या घागरींतून पाणी आणू लागल्या, म्हणून त्यांना मारहाण झाली. बाबासाहेबांनी ते 'जातिनिर्मूलन'मध्ये नोंदवले आहे. साताऱ्याच्या ज्या सरकारी शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांचे नाव दाखल झाले, तिथे आज आपण विद्यार्थी दिवस साजरा करतो. पण शाळकरी वयात शिपायाने नळ उघडल्याशिवाय आपल्याला पाणी पिता येत नसे, हेही त्यांनीच लिहून ठेवले आहे. ज्याच्या हाताने नळ बाटतो, त्याच्या हाती नक्षीची पितळी पळी कोण ठेवणार?

म्हणून आजोबांनी मुंबईच्या गिरणीतून किंवा गोदीतून सुट्टीला येताना आणलेली पितळेची पळी म्हणजे नुसते भांडे नव्हे. मंडळाच्या भिशीतून किंवा वर्गणीतून घेतलेल्या डाव-पातेल्यांचेही तसेच. त्यांच्यावर 'बौद्ध समाज' आणि गावाचे नाव घालतात. ती भांडी धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या भोजनदानाला बाहेर निघतात, मुलीच्या लग्नाला निघतात, आणि कुणाच्या जलदानविधीलाही. ती कुणा एकाची नसतात. चारही दिशांच्या संघाला दिलेली पळी ती हीच.

अलीकडे घरे नवी होतात, मॉड्युलर किचन येते, आणि जुने पितळ मोडीत जाते. मोडीचा भाव किलोवर असतो, नावाचे पैसे कोणी देत नाही. मोड घालण्याआधी दांडा उन्हात धरून पाहावा. नाव, गाव, साल वहीत उतरून घ्यावे, आणि ते कोण होते हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारावे. पळी चिंचेने घासा, पण तारेच्या घासणीने किंवा वाळूने अक्षरांवर जोर देऊ नका. ठिपके उथळ असतात, हळूहळू पुसतात. आणि वापरायची असेल तर आतून कल्हई करून घ्या. कल्हई उडालेल्या पितळेत चिंचेची आमटी किंवा ताकाची कढी ठेवली की ती कळकते.